स्वयंपाकघरातल्या अक्षता

३ जुलै २०२५

किमयाचा फोन नेमका मी जेवायला बसले की येतो. आजही आला. म्हणाली, "आई, कॅनडावरनं पत्र आलंय. शंका काढल्यात त्यांनी." म्हटलं, आमटी निवतेय, नंतर बोल. तर बाई बोलतच राहिली. शेवटी गार आमटी प्यायले.

साहिल, माझा एकुलता एक, कॅनडात नोकरीला. किमया त्याची बायको. तिला तिकडे न्यायचं म्हणून त्याने अर्ज केला, त्याला आता वर्ष होऊन गेलं. तिथल्या ऑफिसाला आता प्रश्न पडलाय की हे लग्न खरं आहे की नुसतं व्हिसासाठी कागदोपत्री केलंय. महिन्याच्या आत उत्तर द्यायचं. त्यांची पहिली शंका, मुलाचा बाप २०२३च्या नोव्हेंबरात वारला आणि फेब्रुवारीत घाईघाईने घरातल्या घरात लग्न. बँड नाही, जेवणावळ नाही, फोटोवाला नाही. तुमच्या समाजात लग्नं अशी होत नाहीत म्हणे. दुसरी शंका, मुलाची आई एकाही फोटोत नाही, आणि तिचं एका ओळीचं पत्रही नाही. तिसरी, सून सासरी राहत नाही, निम्मं वर्ष माहेरी असते.

पहिल्या शंकेचं उत्तर आमच्या अष्टमी गावातलं शेंबडं पोर देईल. घरात मयत झालं की ठरलेलं कार्य वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. आणि अशा लग्नात कोणी बँड लावतं का? हळदीला नाचतं का? मीच सांगितलं होतं, चार माणसं, भटजी आणि गोडाचा शिरा. फोटो अजिबात नाहीत. हे गेल्याला तीन महिने झाले नव्हते. कोणी दात काढून फोटोला उभं राहिलेलं मला बघवलं नसतं.

दुसरीचं उत्तरही सोपं आहे. विधवा बाई बोहल्यापुढे येत नाही. मी स्वयंपाकघरात बसले होते, दार लावून. अक्षतासुद्धा टाकल्या नाहीत. हे मी किमयाला वेळोवेळी ऐकवत आलेय. "माझ्या अक्षता पडल्या नाहीत तुझ्यावर, लक्षात ठेव." ती ऐकून घेते आणि भांडी विसळते.

तिसरी शंका मात्र रास्त आहे. ही पेणची, बापाचा गणपतींचा कारखाना, ही मूर्तींचे डोळे आखते. सीझन आला की चालली पेणला. सून सासरी टिकत नाही हे मी कधीपासून सांगतेय. कॅनडाला आता कळलं.

५ जुलै

साहिलचा फोन. आवाज बसलेला. म्हणाला, "आई, तुझं प्रतिज्ञापत्र लागेल. वकील म्हणतो सगळं त्याच्यावर हाय." एवढी वर्षं तिकडे राहून पोराचं 'हाय' काही गेलं नाही, तेवढं बरं वाटलं.

मग म्हणाला, "हे नाय झालं ना, तर मी परत येतो. परत पयल्यापासून दोन वर्षं थांबायची ताकद नाय माझ्यात. धाटावला कुठल्या तरी कंपनीत लागीन."

मी म्हटलं, बघू.

परत येतो. हे शब्द ऐकायला मी आठ वर्षं थांबलेय. हे होते तेव्हा आम्ही दोघं थांबलो होतो, आता मी एकटी. पत्र नाही गेलं, अर्ज नामंजूर झाला, तर माझा मुलगा या घरात राहायला येईल. धाटावला शिफ्ट करेल, डबा मी देईन. त्याला कोणी सांगणार नाही की आईने अडवलं.

मी काही वाईट करणार नाहीये. मी फक्त काही करणार नाहीये.

संध्याकाळी माळ्यावरची त्याची गादी पिंजायला दिली.

९ जुलै

किमयाने पेणला बोलावलं. दिनेश नावाचा मुलगा व्हिसाची कामं करतो, मोबाइलच्या दुकानावर त्याचं ऑफिस. बघते तर हा चौथीला माझ्याच वर्गात होता. शाळेत मी पस्तीस वर्षं शिकवलं, जिल्ह्यात कुठेही गेले तरी एखादा भेटतोच. पाया पडला. तेवढं केलं आणि मग अक्कल दाखवली.

म्हणाला, "बाई, टेन्शन नका घेऊ. पेणला हॉल घेऊ, हळद लावू, बोहलं उभारू. फोटोवाला आपला हाय, जुनी तारीख टाकल. साहिल दादाला आठ दिवस बोलावून घ्या. तुमी फक्त पुढं उभ्या राहून अक्षता टाका. सगळेच करतात."

मी तोंड उघडायच्या आत किमया म्हणाली, "नाय. झालेलं लग्न परत कशाला लावायचं?"

मला तेच म्हणायचं होतं. ती आधी बोलली याचा राग आला. मग मी दिनेशला म्हटलं, "चौथीत तुला कॉपी करताना पकडलं होतं, आठवतं का?" ऑफिसात एक नवरा-बायको कागद घेऊन बसली होती, ती हसली. दिनेशने पंखा वाढवला.

पुढचं ऐका. सासू-सुनेचं बोलणं होतं याचा काही पुरावा आहे का म्हणाला. किमयाने त्याच्या हातात मोबाइल दिला. त्याने माझा एक आवाजी मेसेज लावला, तोही मोठ्याने. "किमया, साहिलला खोकला आहे हे तू मला चार दिवस सांगितलं नाहीस. तुला काय वाटतं, तू बायको झालीस म्हणजे मी मेले? आणि त्याला ते थंड दूध पिऊ देऊ नकोस, तुझ्या घरी चालत असेल." ती नवरा-बायको आता माझ्याकडेच बघत होती. दिनेशने आणखी दोन लावले. एक मी वटपौर्णिमेवरून बोलले होते, एक तिने कुरिअरने पाठवलेल्या स्वेटरवरून.

दिनेश म्हणाला, "हे नको देऊया."

किमया म्हणाली, "हेच द्या. खोट्या सुनेला कोण एवढं बोलल?"

माझं डोकं फिरलं. घरातलं बोलणं आता साहेब लोक भाषांतर करून वाचणार. मी उठले ती थेट एसटी स्टँडवर. किमया मागून पळत आली आणि गाडी सुटायच्या आत खिडकीतून पोह्याच्या पापडांची पिशवी आत टाकली. मी मागितले नव्हते.

१० जुलै

पापड जरा खारट आहेत.

१४ जुलै

दिनेशने प्रतिज्ञापत्राचा मसुदा पाठवला. "मी सदर विवाहास आनंदाने उपस्थित होते व वधूवरांस शुभाशीर्वाद दिले." कुठला आनंद आणि कसले शुभाशीर्वाद? मी त्याला कळवलं, हे खोटं आहे, सही करणार नाही. मग खरं काय ते तुम्हीच लिहा, म्हणाला. त्यावर मी उत्तर दिलं नाही.

खोट्यावर सही करायची नाही, हे माझं तत्त्व आहे. त्यात माझं कामही होतंय, हा माझा दोष नाही.

गादी पिंजून आली. नव्यासारखी झाली आहे. साहिलच्या खोलीत टाकली.

१८ जुलै

किमया न सांगता आली. ऐन सीझनात, कारखान्यात पाय ठेवायला जागा नसेल, आणि ही इथे. नखांत पांढरा रंग तसाच. म्हटलं, हात नीट धुवून ये आधी.

स्वयंपाकघरातला दिवा गेला होता. स्टुलाचा एक पाय आखूड आहे, कोणीतरी धरल्याशिवाय त्यावर चढता येत नाही. हे होते तेव्हा हेच धरायचे. आज किमयाने धरलं. मी वर चढून जुना दिवा काढत होते, तेव्हा तिने विषय काढला. मुद्दाम. मी खाली उतरून निघून जाऊ शकत नव्हते ना.

"आई, तुमाला साहिल परत यायला हवाय. म्हणून सही करत नाय तुमी."

"स्टूल नीट धर."

"धरलंय. तुमाला काय वाटतं, मला हौस हाय तिकडं जायची? माझं सगळं काम पेणला. तिकडं बर्फात कुणाचे डोळे आखू मी?"

"मग जाऊ नकोस."

"तो तिथं ओट्याजवळ उभ्यानं जेवतो, आई. भांड्यातच. ताट घेत नाय. म्हनतो, एकट्यासाठी कशाला." मग म्हणाली, "तो आपल्या मनानं आला असता तर मीच गादी घातली असती. पन असा हरून आला तर रोज आपल्या दोघींच्या तोंडाकडं बघल. आनि कुणामुळं झालं ते त्याला आज ना उद्या कळल."

मी नवा दिवा फिरवला, लागला. म्हटलं, सोड आता, उतरते. ती म्हणाली, "उतरा, मी धरलंय."

रात्रीला राहिली. साहिलच्या खोलीत पिंजलेली गादी बघितली असणार. काही बोलली नाही. हिचं न बोलणं मला जास्त लागतं आणि हे तिला बरोबर माहीत आहे.

१९ जुलै

सकाळची गाडी पकडायच्या आधी किमयाने मोबाइलवर एक फोटो दाखवला. मी बंदी घातली असताना तिच्या मामेबहिणीने, शिल्पाने, लग्नात चोरून तीन फोटो काढले होते. दोन अर्जासोबत गेलेत. हा तिसरा.

फोटोत साहिल आणि किमया माना खाली घालून उभे आहेत. भटजींची पाठ. मागे स्वयंपाकघराचं दार, चार बोटं उघडं. त्या फटीतून मनगटापर्यंत एक हात बाहेर आलाय, तळवा पुढे. मनगटाच्या आतल्या बाजूला पुरुषी घड्याळाची तबकडी. आणि हवेत तांदूळ. बाकी सगळ्यांचे कुंकवाने लाल झालेले, त्या हाताजवळचे मात्र पांढरे. डब्यातले.

"हा कोणाचा हात?" मी विचारलं.

"तुमीच सांगा."

"मला काय माहीत. पडदा सारत असेल कोणीतरी."

"घड्याळ बाबांचं हाय."

"घड्याळं काय, सगळ्यांकडे असतात."

"बरं," म्हणाली आणि मोबाइल पर्समध्ये टाकला. उंबऱ्यावर चप्पल घालताना वळली. "हा अजून दिला नाय मी कुठं. वकिलाला पन नाय. तुमचा हात हाय, तुमाला विचारल्याबिगर कसा देऊ?"

म्हणजे ही दीड वर्ष हा फोटो जवळ बाळगून होती. मी तिला अक्षतांवरून टोमणे मारत होते आणि ही भांडी विसळत ऐकत होती. केवढी आतल्या गाठीची बाई.

मी त्या हाताबद्दल काही लिहिणार नाही.

२४ जुलै

आज आषाढातली अमावास्या. उद्यापासून श्रावण, म्हणून आज घरोघरी मटणकोंबडी. गडब गावाहून माझा भाऊ हैबतराव आला, काखेत गावठी कोंबडा. बहिणीची आठवण अशी रिकाम्या हाताने होत नाही त्याला, आणि बिनकामाचीही होत नाही. त्याची मुलगी मनस्वी, ती साहिलला द्यायची हे आमचं दोघांचं आधी ठरलेलं. साहिलने पेणची आणली, तेव्हापासून हैबत माझ्या घरचं पाणी फुंकून पितो.

आज मात्र खुशीत होता. कॅनडाच्या पत्राचं त्याला कळलं होतं. म्हणाला, "बरा झाला गो सगुणे. येऊ दे पोराला परत. तिला धाडून दे पेणला, बसंल डोळं रंगवत. आमची मनस्वी अजून घरातच हाय."

म्हटलं, "अरे, लग्न झालंय त्याचं."

"कसला लग्न? ना हलद, ना वाजाप. मी गडबला सगल्यांना सांगितलाय, कागदाचा लग्न हाय त्यो. ती पोर परदेशी जायाला चिकटलेय. आता गोऱ्या सायबाला पन कललाय."

हे मीही म्हणत होते. अगदी याच शब्दांत नाही, पण म्हणत होते. तरी त्याच्या तोंडून ऐकताना अंगाची आग झाली. माझ्या सुनेला नावं ठेवायला मी आहे ना. गडबच्या नाक्यावर बसून चार टाळकी माझ्या घरातलं लग्न खरं की खोटं ठरवणार?

मी म्हटलं, "भटजींनी लावलंय. सप्तपदी झालीये."

तेव्हा तो हसून म्हणाला, "आनि तुझ्या अक्षता? सोताच सांगत फिरतेस नं, मी टाकल्या नाय म्हनून? पोराचा बाप नाय, आयशीनं अक्षता टाकल्या नाय, मंग लागला कुठं त्यो लग्न? देवाला पन ठाव हाय."

मी उठले. कोंबडा ओटीवर बांधला होता, त्याची दोरी सोडली आणि हैबतच्या हातात दिली. म्हटलं, "गडबची गाडी मिळेल अजून. जा." तो म्हणाला, "सगुणे, जेवूचा हाय मना." मी दार लावून घेतलं.

भाऊ कोंबड्यासकट गेला. आज अष्टमीत सगळीकडे मसाल्याचा वास होता आणि मी पोह्याचे पापड भाजून खाल्ले.

२५ जुलै

लिहिते. ही वही माझी आहे, इथे तरी कोणाला घाबरायचं?

तो हात माझा आहे.

त्या दिवशी मी खरोखरच ठरवून आत बसले होते. साहिल दोनदा बोलवायला आला, किमयाही येऊन गेली. विधवेने पुढे यायचं नसतं, म्हटलं. शाळेत मी मुलांना याच्या उलट शिकवत आले, हे मला माहीत आहे. पण शास्त्राचं निमित्त होतं आणि मी ते घट्ट धरलं. मला राग होता. ही माझी निवड नव्हती, आणि हिने साहिलला कॅनडातून परत यायला एकदाही सांगितलं नव्हतं. आणि सगळ्यात जास्त राग यांचा होता, आधी निघून गेल्याचा.

बाहेर मंगलाष्टकं चालू होती. मी तांदळाच्या डब्याला टेकून बसले होते. बांगड्या उतरवलेल्या, मनगटावर यांचं घड्याळ. हे एसटीत ड्रायव्हर, तबकडी मनगटाच्या आत ठेवायचे, स्टिअरिंगवरचा हात न उचलता वेळ दिसायला. मीही तशीच बांधते. शेवटचं 'सावधान' आलं आणि मला वाटलं, या माणसाने या दिवसासाठी किती वर्षं वाट बघितली. लग्नात सगळ्यात जोरात अक्षता हे टाकायचे, लांबून, नवरदेवाच्या टोपीवर बरोबर. आज यांच्या वाटणीच्या कोण टाकणार? मी डब्यात हात घातला आणि दार चार बोटं उघडलं.

माझ्या नव्हत्या त्या, यांच्या होत्या. म्हणून मी टाकल्या नाहीत असं म्हणत आले, ते अगदीच खोटं नव्हतं. पण हैबतला म्हणायला कारण मीच पुरवलं. माझं बोलणं आता माझ्याच मुलाचं लग्न मोडायला निघालंय, हे मी होऊ देणार नाही. साहिल नाही आला तर नाही आला.

हे वाक्य लिहिताना हात थांबला होता. पण लिहिलं.

२८ जुलै

रोह्याला कोर्टाजवळच्या नोटरीकडे गेले. फोटो शिल्पाकडून मोबाइलवर मागवून घेतला होता. मजकूर मीच लिहून नेला होता, दिनेशच्या आनंदाने-उपस्थितीची मला गरज नाही. इथे उतरवून ठेवते.

"मी सगुणा काळुराम मोकल, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार अष्टमी, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की, किमया ही माझ्या मुलाची लग्नाची बायको आहे. माझे पती वारल्यामुळे आमच्या रिवाजाप्रमाणे वर्षाच्या आत, वाजंत्रीशिवाय, माझ्या सांगण्यावरून हे लग्न साधेपणाने झाले. फोटो काढू नयेत हेही मीच सांगितले होते. वर्षातले काही महिने ती कामासाठी माहेरी असते, त्याबद्दल मी तिला बोलते, आणि बोलण्याचे ध्वनिमुद्रण तुम्हाला सोबत मिळेलच. ही मुलगी माझी निवड नव्हती. ती उलट बोलते, माझ्या जेवणाच्या वेळी फोन करते आणि मनातले मनात ठेवते. मला ती आवडते असे मी लिहिणार नाही. परंतु सोबतच्या फोटोत दाराच्या फटीतून अक्षता टाकणारा जो हात दिसतो, तो माझा आहे. मनगटावरचे घड्याळ माझ्या पतीचे आहे. मुलाच्या आईने आणि बापाने या लग्नाला अक्षता टाकल्या आहेत."

नोटरीने दोनदा वाचलं. म्हणाला, "बाई, हात तुमचाच कशावरून म्हणतील ते." मी मनगट पुढे केलं. पट्ट्याला गरम सुईने पाडलेलं जास्तीचं भोक आहे, माझं मनगट बारीक म्हणून. फोटो मोठा करून बघितला तर पट्ट्याचं लोंबणारं टोकही दिसलं. त्याने शिक्का मारला.

दुपारी दिनेशचा फोन. "बाई, सगळा भारी हाय. फक्त ती आवडत नाही, एवढी ओळ काढूया का?"

"नाही काढणार."

"पन बाई, वाईट दिसंल."

"सत्यप्रतिज्ञेवर लिहिलंय, दिनेश. तुला कॉपीची सवय आहे, मला नाही."

किमयाला मी काही कळवलं नाही. दिनेशने सांगितलं असणार, तिचा फोन आला, तोही मी जेवायला बसलेली असताना. नुसती नाक ओढत होती. मी म्हटलं, "रडायचं असेल तर नंतर कर, माझं ताट वाढलंय." ती म्हणाली, "जेवा तुमी, मी थांबते फोनवर." आणि खरंच थांबली. मला धड जेवूही दिलं नाही.

१ ऑगस्ट

सगळे कागद गेले. आता त्यांनी काय ते ठरवावं.

१६ ऑक्टोबर

मंजूर झालं.

साहिलने कळवलं. ओरडून सांगितलं आधी, मग एकदम हळू झाला. "आई, तुझं लिहिलेलं मी वाचलं. बाबांचं पण." मी म्हटलं, बरं. मग म्हटलं, "ताट घेऊन बसून जेवत जा. उभ्याने जेवतोस ते मला कळलंय." तो म्हणाला, आता दोघं बसून जेवू.

खरं सांगायचं तर मला आनंद झाला नाही. सगळ्यांना वाटतंय झालाय. शेजारच्या गिरजाबाई पेढे मागायला आल्या, त्यांना साखर दिली. आठ वर्षं वाट बघितली आणि येत होता तो मुलगा मी माझ्या सहीने तिकडे ठेवला. रात्री साहिलच्या खोलीतली गादी गुंडाळली. माळ्यावर टाकायला स्टूल लागतं, म्हणून तिथेच कोपऱ्यात उभी केली आहे.

२ नोव्हेंबर

किमया आज गेली. चार दिवस आधी इथे राहायला आली होती. रोज भांडलो. लोणच्याची बरणी बॅगेत मावत नव्हती, ती मी कोंबली, तिने काढली, मी परत कोंबली. माझ्या स्वयंपाकघरातले डबे हिने कोणाला न विचारता खालच्या फळीवर आणून ठेवले. म्हटलं, माझ्या घरात तुझी व्यवस्था नको. म्हणाली, "वरचं काढायला कोन येनार हाय तुमच्याकडं?" असं तोंडावर बोलते ती.

निघताना उंबऱ्यात उभी राहून हात पुढे केला. मी म्हटलं, गिरजाबाईंना बोलावते, त्या दही घालतील, सवाष्ण आहेत. ती हात तसाच धरून उभी. "तुमीच घाला. नायतर मी जात नाय." गाडीवाला हॉर्न वाजवत होता. असा हट्ट करायची ही वेळ आहे का? घातलं दही. तिच्या हाताला अजून रंगाचा वास येत होता.

विमानतळावरून मेसेज आला, पोचले. मी उत्तरात बोलून पाठवलं की स्वेटर बॅगेत ठेवू नकोस, अंगात घाल, आणि लोणचं सांडलं तर मला सांगू नकोस.

५ नोव्हेंबर

आज स्वयंपाकघराचं दार आतून लावलं तेव्हा दिसलं. दाराच्या मागे, भिंतीवर, किमयाने जाताना फ्रेम लावून ठेवली आहे. तोच फोटो. साहिल, ती, भटजींची पाठ, आणि फटीतून आलेला तो हात. दार उघडं असलं की झाकला जातो, लावलं की समोर येतो. मी त्या दिवशी जिथे बसले होते तिथून नेमका दिसेल असा.

माझ्या स्वयंपाकघरात, मला न विचारता. खिळासुद्धा ठोकलाय भिंतीत, केवढा उंच.

तिला दोन मिनिटांचा मेसेज पाठवला. भरपूर बोलले. तिकडे रात्र असेल, सकाळी ऐकेल.

फ्रेम काढून टाकायची आहे. पण हात पोचत नाही, आणि स्टूल धरायला कोणीतरी पाहिजे.